दोन-चार उदाहरणं देऊन पायथनकडून छोटा प्रोग्राम आपोआप कसा लिहून घ्यायचा?

लातूर जिल्ह्याच्या यादीत 'औसा-४१३५२०' असं लिहिलंय आणि तुम्हाला फक्त गाव हवंय, एवढंच ना? मग न्यूरल नेटवर्कच्या (ढीगभर उदाहरणांवरून शिकणाऱ्या मॉडेलच्या) नादी कशाला लागता? लहानापासून मोठ्याकडे एकेक प्रोग्राम रचत जा, उदाहरणांवर तपासत जा.

भाषा आखडती ठेवा: इनपुट, '-', ० ते ९ आकडे, शोध(मजकूर, चिन्ह), म्हणजे चिन्ह शून्यापासून मोजून कितव्या जागी आहे ते, आणि तुकडा(मजकूर, पासून, पर्यंत), यात 'पर्यंत'ची जागा धरायची नाही. बस. लूप-बिप घातलेत की शक्यता आवरत नाहीत.

खरी गंमत पुढेच. पायथन 'औसा'ची लांबी ३ सांगतो, कारण काना वेगळा मोजतो. त्यामुळे एकच उदाहरण दिलंत तर तुकडा(इनपुट, ०, ३) हेच उत्तर हाती येईल आणि निलंग्याला तोंडघशी पडेल. 'निलंगा-४१३५२१' हे दुसरं द्या, मग तुकडा(इनपुट, ०, शोध(इनपुट, '-')) मिळतं.

छाटणी हवीच. सगळ्या उदाहरणांवर ज्यांची उत्तरं सारखी, त्यांतला लहान ठेवा, बाकीचे फेका. शोधचं उत्तर या दोन उदाहरणांवर [३, ६] येतं म्हणून तो वाचतो. एकट्या औशावर तोही आकडा ३ समजून छाटला गेला असता!

एक्सेल २०१३ मधलं फ्लॅश फिल (उदाहरण पाहून बाकीचा रकाना आपोआप भरणारी सोय) याच जातीचं, सुमित गुलवाणींच्या संशोधनातलं. त्याची शोधपद्धत मात्र बरीच चतुर आहे.

आणि हो, नुसतंच 'उदगीर' आलं, हायफनच नसला, तर शोधमागचा पायथनचा फाइंड -१ देतो, तुकडा त्याचा अर्थ 'शेवटचं चिन्ह सोडून' असा घेतो आणि गुपचूप 'उदगी' उरतं. ती अट आधीच घाला.