कॉलरा लसीच्या पहिल्या मोहिमेवर निघताना

पहिल्यांदाच जाताय, तर आधी एवढं पक्कं करा: लस म्हणजे उपचार नाही. छावणीत जुलाब सुरू झालेल्या माणसाला ओआरएस, गरज पडली तर सलाईन. संरक्षण तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, तोवर क्लोरीन घातलेलं पाणी आणि संडास हेच सांभाळतात. लस आली म्हणून पाण्याचं काम ढिलं पडणं ही सर्रास दिसणारी चूक.

दुसरी चूक म्हणजे उशीर. साथ शिखरावर पोहोचल्यावर लस दिली तर फायदा फार थोडा. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत साथ पसरण्याआधीच मोहीम झाली, तसं व्हायला हवं. साथींसाठी राखून ठेवलेल्या जागतिक आपत्कालीन साठ्यातून लस मिळायला अर्ज लागतो, त्यामुळे लोकसंख्येचा अंदाज आधीच तयार ठेवा.

प्रत्यक्ष केंद्रावर:

- एक वर्षावरील सगळ्यांना द्या. गरोदर बायकांना परत पाठवू नका. नवे कार्यकर्ते हमखास पाठवतात.
- कुपी 2 ते 8 अंशांत ठेवा. गोठली की फेकायची.
- कामावर जाणारे पुरुष दुपारी सापडत नाहीत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गाठा.

लसीच्या टंचाईमुळे 2022 पासून साथीत दोनऐवजी एकच डोस देतात. त्याचं संरक्षण कमी काळ टिकतं, हे लोकांना सरळ सांगा. लस तोंडाने पाजायची असते आणि चव वाईट आहे, तेही सांगा, मुलं थुंकतात!

सर्वेक्षण, कव्हरेजची (किती टक्के लोकांना लस मिळाली त्याची) आकडेमोड वगैरे नंतर शिकाल.