किनवटची रेघ, कॅलगरीची रेघ

प्रश्न : आम्ही मूळचे नांदेडचे, सध्या कॅनडात कॅलगरीला राहतो. लेकीला शाळेतून इथल्या मूलनिवासींवर नकाशा आणि गणित वापरून प्रकल्प करायचा आहे. आम्हालाच त्यातलं काही ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : किनवटपासून करा. नांदेडच्या माणसाला काहीच ठाऊक नाही, असं नसतं.

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध, परधान हे आदिवासी समाज राहतात. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि किनवट नांदेडला जोडलं गेलं, म्हणजे मुंबई राज्यात आलं. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आदिलाबाद आंध्रात गेलं आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. घरं जागेवरच, रेघ तेवढी सरकली. गोंड आणि कोलाम आजही रेघेच्या दोन्ही अंगांना आहेत.

आता कॅलगरी. तिथल्या मूलनिवासी ब्लॅकफूट लोकांपैकी सिक्सिका, काइनाय आणि पिकानी अल्बर्टात, तर त्यांचेच भाऊबंद अमेरिकेतल्या मोंटानात. मधली ४९ अक्षांशाची रेघ १८१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं आपसांत ठरवली. लेकीच्या प्रकल्पाचा गाभा हाच धरा.

दोन्ही भागांसाठी तीन-तीन ट्रेसिंग पेपर घ्या. पहिल्यावर फक्त नद्या आणि डोंगर : इकडे पैनगंगा, तिकडे बो आणि एल्बो. बो आणि एल्बोच्या संगमाच्या जागेला ब्लॅकफूट भाषेत मोकिन्स्तिस म्हणजे कोपर म्हणतात, ते नाव तिथं लिहू द्या. दुसऱ्या कागदावर लोक. तिसऱ्यावर आजच्या सीमा. कागद याच क्रमानं एकावर एक ठेवायचे.

गडबड दुसऱ्या कागदावर होते. लेकरं पेनानं कुंपण घालावं तशी हद्द आखतात आणि आत रंग भरतात. गोंड आणि कोलाम एकाच पट्ट्यात राहतात, तिथं हे चालत नाही. प्रत्येक समाजाला पेन्सिलीच्या तिरप्या रेघा द्या, एकाच्या उजवीकडं झुकलेल्या, दुसऱ्याच्या डावीकडं. जिथं दोघं आहेत तिथं आपोआप जाळी उमटते. कॅनडाच्या नकाशावर मूलनिवासींसाठी राखून ठेवलेलं म्हणून छापलेलं राखीव क्षेत्र म्हणजेच त्या लोकांचा सगळा मुलूख, असाही समज होतो. २२ सप्टेंबर १८७७ ला ब्लॅकफूट आणि शेजारच्या समाजांचा ब्रिटिश राजसत्तेशी जो 'सातवा करार' झाला, त्यानंतर जे तुकडे वाट्याला आले ते तिसऱ्या कागदावर काढा, दुसऱ्यावर नको.

प्रमाण १ सेंमी = ५ किमी ठेवा. प्रिंटर 'पानात बसवा' म्हणून नकाशा गुपचूप लहान करतो. म्हणून छापल्यावर प्रमाणपट्टी फुटपट्टीनं मोजायचीच. मग १ सेंमीचे चौकोन आखून क्षेत्रफळ काढा : निम्म्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी भरलेला सोडायचा. इथं हमखास चुकतं. एक चौकोन ५ चौरस किमीचा नसतो, २५ चा असतो. ५ धरले तर उत्तर पाचपट कमी येतं. सांगून कळत नाही. एका चौकोनाच्या दोन्ही बाजूंवर '५ किमी' लिहून गुणाकार करायला लावा.

टक्क्यांचं थोडक्यात. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात मूलनिवासी १८,०७,२५० म्हणजे ५ टक्के. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक १,०५,१०,२१३, म्हणजे ९.३५ टक्के. वर्षं वेगळी आहेत, ती आकड्याशेजारी लिहा. स्वल्पविरामही जपा : तिकडं हाच पहिला आकडा १,८०७,२५० असा लिहितात, आणि लेकरू लाख-दशलक्षात अडकतं. सरासरीही फसवते. अख्ख्या नांदेड जिल्ह्याचा टक्का काढला की किनवट-माहूर त्यात विरून जातात. तालुकावार काढा.

घरात कुणी 'रेड इंडियन' म्हणत असेल तर आजच थांबवा, तो शब्द वर्गात लागतो. समाजाचं नाव घ्यायचं : सिक्सिका, त्सूत'ईना. आणि वाक्यं वर्तमानकाळात. 'ते शिकार करायचे' एवढ्यावर प्रकल्प संपला तर शेजारचे त्सूत'ईना लोक गेले कुठं? त्यांचं राखीव क्षेत्र कॅलगरीच्या वेशीला लागून आहे. पिसांचे मुकुट तर करूच नका. ते मानाचे असतात, कार्डबोर्डची खेळणी नव्हेत.

वेळ उरला तर आजीला फोनवर पासष्ट मोजायला सांगा. जुन्या पद्धतीनं त्या 'तीन वीस नि पाच' म्हणतील. अलास्कातल्या काक्टोविक गावच्या, इन्युपियात नावाच्या मूलनिवासी समाजाच्या शाळकरी मुलांनी १९९४ मध्ये आपल्या भाषेच्या मोजणीला शोभतील असे वीसवर आधारलेले अंक तयार केले. हातापायांची बोटं धरून मोजणी, त्यामुळं वीस हा पूर्ण माणूस. एककाला खालची तिरकी रेघ, पाचाला वरची आडवी. पासष्टसाठी डावीकडं विसांच्या घरात तीन खालच्या रेघा, उजवीकडं एककाच्या घरात एक वरची. हे मात्र वेगळ्या पानावर, 'इन्युपियात, अलास्का' असं ठळक लिहून. ब्लॅकफूटच्या पानावर चिकटवलं तर शिक्षिका बरोबर चूक काढतील.