अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या पदवीसाठी राहतं घर तारण ठेवावं का?

प्रश्न : माझी मुलगी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाली, इंटर्नशिपही संपली. तिला खेळाडूंसोबतच काम करायचंय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) वर्षाचा खर्च ४२ हजार डॉलर आहे. मी अनुदानित शाळेत शिक्षक, वय ५६, दोन वर्षांत निवृत्त होईन. पेन्शन महिना ४५ हजारांच्या आसपास बसेल. राहतं घर तारण ठेवून ५० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं आणि उरलेलं पीएफ-एफडीतून घालायचं, असा विचार आहे. धाकटा मुलगा अकरावीत आहे. हे योग्य होईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

सर, आधी उत्तर देतो, मग कारणं. या आकड्यांवर आणि घर तारण ठेवून हे करू नका. मुलीची आवड खरी आहे आणि हा पेशाही मानाचा आहे. अडचण आहे ती कर्जाच्या आकाराची आणि ते कोणाच्या खांद्यावर येणार याची.

अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे. मैदानाच्या कडेला उभा राहून दुखापत झाल्या क्षणापासून खेळाडू परत खेळायला लागेपर्यंत सांभाळणारा हा आरोग्य व्यावसायिक असतो. उन्हात सराव करताना एखादा मुलगा उष्माघातानं कोसळला, तर त्याला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवून तापमान खाली आणायचं आणि मगच अँब्युलन्समध्ये घालायचं, हा निर्णय तोच घेतो. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीच्या मैदानावर बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या डामार हॅमलिनचं हृदय थांबलं, तेव्हा लगेच सीपीआर सुरू करणारे डेनी केलिंग्टन हे संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनरच होते. मुलीला हे काम का खुणावतं, ते मला समजतं.

पण ही पदवी कशासाठी आहे, तेही नीट पाहू. तिथं सीएएटीई या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केला की बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा देता येते. ती पास झाल्यावर नावापुढे एटीसी (प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनर) लागतं, आणि मग कॅलिफोर्निया सोडून इतर राज्यांत त्या त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. ही सगळी साखळी अमेरिकेतल्या नोकरीसाठी बांधलेली आहे. आपल्याकडे एटीसी नावाचा वेगळा परवाना नाही. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉलच्या संघांत ही जागा स्पोर्ट्स फिजिओची असते, आणि तो पाया मुलीकडे बीपीटीमुळे आधीच आहे. म्हणजे ती परत आली तर नव्या पदवीचं कौतुक होईल, अनुभवाला किंमतही येईल, पण पगार मिळेल तो इथल्या फिजिओच्या बाजारभावानं. कर्ज मात्र डॉलरच्या खर्चावर काढलेलं असेल.

आता हिशेब. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाचे ३७.८ लाख, दोन वर्षांचे ७५.६ लाख. यातले ५० लाख कर्जाचे. पहिल्या वर्षी २५ लाख आणि दुसऱ्या वर्षी २५ लाख उचलले आणि व्याज साडेदहा टक्के साधं धरलं, तरी शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यानंतरची सहा महिन्यांची सवलत संपेपर्यंत साडेदहा लाख व्याज चढतं. हप्ता सुरू होतो तो ६०.५ लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण ८१,६०० रुपये. वर्षभर एकही हप्ता न चुकवता ९.८ लाख भरले, तरी शिल्लक राहतात ५६.९ लाख, म्हणजे उचललेल्या ५० लाखांपेक्षाही जास्त. हा आकडा मुलीसमोर ठेवा. तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा तिनं स्वतः कॅल्क्युलेटरवर मांडला तर जास्त बरं.

पगाराचं बोलायचं तर अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीत अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा मध्यम वार्षिक पगार ५८ हजार डॉलरच्या जवळ आहे. यात पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसंही आली, म्हणून नवख्या मुलीसाठी मी ४५ ते ४८ हजारच धरेन. कर, घरभाडं, विमा आणि गाडी (शाळांच्या मैदानांवरची नोकरी गाडीशिवाय जमत नाही) वजा जाता महिना ९०० डॉलरचा हप्ता निघू शकतो. ओढाताण होईल, पण निघेल.

नोकरी आहे तोवर निघेल. माझी काळजी तिथंच आहे. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं. संगणक, अभियांत्रिकीच्या मुलांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात, कारण त्यांच्या शाखा स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग आरोग्यसेवेच्या वर्गात मोडतं, त्यामुळे ती वाढ धरून चालू नका. शेजारच्या मुलाला तीन वर्षं मिळाली म्हणून हिलाही मिळतील, असा हिशेब अनेक पालक करतात. आणि पाहा, बारा महिन्यांतले पहिले सहा हप्त्याच्या सवलतीतच जातात. ओपीटी संपेपर्यंत एच-१बी हा सोडतीनं मिळणारा नोकरीचा व्हिसा लागला नाही, तर जेमतेम सहा हप्ते फेडून मुलगी घरी आणि ५८ लाखांहून जास्त कर्ज डोक्यावर. विद्यापीठांना एच-१बीची सोडत लागत नाही, म्हणून एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी लागली तर मार्ग बराच सोपा होतो. पण सगळ्यांना तीच नोकरी हवी असते. क्लिनिकमार्फत शाळांवर नेमणूक झाली तर सोडत आलीच.

सर, हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही निवृत्त असाल. पेन्शन ४५ हजार, हप्ता ८१,६००. तुम्ही सहकर्जदार आहात, घर तुमचं आहे, आणि बँक शेवटी तुमच्याच दारात येईल. वर २५.६ लाख पीएफ-एफडीतून गेले की धाकट्याच्या शिक्षणाला आणि तुमच्या आजारपणाला हाताशी काही उरत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट मनात असेल, तर ती फक्त जुन्या कररचनेत मिळते, आणि पेन्शनवर मुळात कर किती बसतो? कर्जाची रक्कम बँकेतून थेट विद्यापीठाला गेली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर) लागत नाही. स्वतःचे पैसे पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

मग मुलीनं करायचं काय? तिला अमेरिकेतच राहायचं असेल तर फिजिओथेरपिस्ट म्हणूनच परवाना घेण्याची वाट आधी तपासावी. बीपीटीचं मूल्यमापन करून घ्यायचं, कमी पडणारे विषय पूर्ण करायचे आणि एनपीटीई ही तिथल्या फिजिओंची परवाना परीक्षा द्यायची. वेळ लागतो, कागदपत्रांचा व्याप मोठा आहे. पण २०२३ मध्ये तिथल्या फिजिओचा मध्यम पगार ९९ हजार डॉलरच्या वर होता. शिवाय ग्रीनकार्डसाठी फिजिओथेरपिस्ट ‘शेड्यूल ए’ मध्ये येतात, म्हणजे अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे नोकरी देणाऱ्याला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. भारतीयांची रांग लांब आहेच, पण अ‍ॅथलेटिक ट्रेनरला ही सोयसुद्धा नाही. परवाना मिळाल्यावर खेळाडूंसोबत काम करायला तिला कोण अडवणार?

आणि तिला मुळात मैदान हवं असेल, देश कुठलाही चालत असेल, तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांमधून एमपीटी स्पोर्ट्स (खेळाडूंच्या फिजिओथेरपीतली मास्टर्स) करावं आणि सोबत सीएससीएसची (खेळाडूंची ताकद आणि तंदुरुस्ती घडवणाऱ्या प्रशिक्षकांची) परीक्षा द्यावी. सुट्टीच्या दिवसांत एखाद्या संघासोबत किंवा अकादमीत हात चालवावा. याचा खर्च तुमच्या बचतीत बसण्याजोगा आहे आणि घराला हात लावावा लागत नाही.

याच प्रवेशाला मी ‘हो’ कधी म्हणेन? कर्ज २० लाखांच्या आत आलं तर. वरच्याच हिशेबानं त्याचा हप्ता ३२-३३ हजार बसतो. ती परत आली, तर तिचा पगार आणि तुमचा थोडा आधार मिळून तो फिटू शकतो. त्यासाठी विद्यापीठाकडून मोठी फी-माफी हवी. तिथं पार्ट-टाइम काम करून भरून काढेन, असं मुलगी म्हणेल. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या दिवसांत आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, आणि या अभ्यासक्रमात निदान चार आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल काम असतंच. ती कमाई फीच्या हिशेबात धरू नका, किराणा-भाजीला होईल.

डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल करायला सांगा. अभ्यासक्रम ‘प्रोफेशनल’ आहे की ‘पोस्ट-प्रोफेशनल’, हे पहिलं विचारायचं. दुसरा प्रकार आधीच एटीसी असलेल्यांसाठी किंवा त्या परीक्षेला पात्र असलेल्यांसाठी असतो. बीपीटीवरून तिथं गेलं तर दोन वर्षांनंतरही परीक्षेला बसता येणार नाही. सीएएटीईची मान्यता पूर्ण आहे की प्रोबेशनवर, हेही विचारा. बीओसीत पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं तीन वर्षांचं एकत्रित प्रमाण निदान ७० टक्के असावं, असा सीएएटीईचा निकष आहे, तो आकडा मागा. बारावीनंतरच्या पातळीवरचं रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र त्यांना लागतं. बीपीटीच्या गुणपत्रिकेत ते विषय दिसले नाहीत तर आधी पूर्ण करावे लागतील, आणि त्यांची फी आय-२० वर धरलेली नसेल. शेवटी फी-माफीची विनंती करायची, आणि होकार आला तर तो पत्रावर घ्यायचा.

उत्तर आलं की मला आकडे कळवा. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा. मधल्या वर्षात मुलगी इथं नोकरी करू शकेल, आणि तोवर बँकेच्या कुठल्याही कागदावर सही करायची गरज नाही.