केली होम्सने 34व्या वर्षी वेग आणला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ब्रिटनची धावपटू केली होम्सने 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये 800 आणि 1500 मीटर अशी दोन्ही गोल्ड 34व्या वर्षी अचानक कशी मारली, तिशीनंतर वेग वाढतो का, आणि तुमची 29 वर्षांची बहीण 800 धावते, पोटरीच्या दुखण्यात तिचे दोन सीझन गेलेत, तर तिने थांबावं का. मी स्वतः कॉलेजात 800 धावायचो, फार काही दिवे लावले नाहीत, पण या इव्हेंटचं वेड अजून आहे त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, "अचानक" हा शब्दच काढून टाका. तिची तीन टायमिंग बघा. 1995 मध्ये, वय 25, 800 मीटर 1:56.21, ब्रिटिश रेकॉर्ड. 2000 सिडनी ऑलिंपिक, 1:56.80, ब्रॉन्झ. 2004 अथेन्स, 1:56.38, गोल्ड. म्हणजे ज्या रेसने तिला जगभर नाव दिलं ती तिच्याच नऊ वर्षं जुन्या टायमिंगपेक्षा स्लो होती! वेग आधीपासून होताच, प्रश्न एवढाच होता की मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात तिचं अंग धड असणार का, आणि बहुतेक वेळा ते नसायचं.

तशी तिची सुरुवातही सरळ नव्हती. शाळेत असताना 1500 मध्ये इंग्लिश स्कूल्स चॅम्पियन, आणि मग 18 व्या वर्षाच्या आसपास थेट आर्मीत भरती, आधी लॉरी ड्रायव्हर, नंतर पीटी इन्स्ट्रक्टर. धावणं जवळजवळ सुटलंच होतं. 1992 ला बार्सिलोना ऑलिंपिक टीव्हीवर बघताना जिच्याबरोबर ज्युनियरला धावली होती ती मुलगी तिथे ट्रॅकवर दिसली आणि मग ही परत सिरीयसली ट्रेनिंगला लागली. दोन वर्षांत कॉमनवेल्थचं 1500 चं गोल्ड, 1995 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला 1500 मध्ये सिल्व्हर आणि 800 मध्ये ब्रॉन्झ. एवढं सगळं नोकरी सांभाळून बरं का, फुलटाइम अॅथलीट ती 1997 च्या सुमारास झाली. आणि त्या काळात ब्रिटिश सैन्यात समलिंगी असणं कळलं तर नोकरी जायची, ती बंदी उठली 2000 मध्ये. होम्सने स्वतःबद्दल उघडपणे सांगितलं ते 2022 ला. म्हणजे इतकी वर्षं ती भीती डोक्यावर घेऊन ही बाई धावत होती, हे टायमिंगच्या तक्त्यात कुठे दिसत नाही.

आता दुखापती. 1996 अटलांटाला ती नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर असताना धावली आणि 800 मध्ये चौथी आली, ब्रॉन्झ हुकलं 0.10 सेकंदाने. 1997 ला तर कहर झाला, 1500 मध्ये ब्रिटिश रेकॉर्ड करून फेव्हरेट म्हणून वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेली आणि हीटमध्येच (म्हणजे पहिल्या फेरीतच) अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, गेली, पोटरीपण फाटली, कशीबशी लंगडत लाइन पार केली. ते शहर कुठलं? अथेन्सच. सिडनीच्या आधीही दुखापतीमुळे ट्रेनिंग जेमतेम काही आठवड्यांचं झालं होतं तरी ब्रॉन्झ आलं, तेव्हाच जाणकारांना कळायला हवं होतं की ही पूर्ण तयारीनिशी उतरली तर काय होईल. 2003 मध्ये परत दुखापत, आणि त्या वेळी ती इतकी खचली होती की स्वतःला इजा करून घेत होती, हे तिने नंतर स्वतःच जाहीर सांगितलं. त्याच वर्षी पॅरिसला वर्ल्डचं 800 चं सिल्व्हर घेतलं!

मग 2004 मध्ये काय वेगळं झालं? माझ्या मते एकच, बऱ्याच वर्षांनी तिला सलग ट्रेनिंग मिळालं. बाकी कोच, आहार, जिद्द, नशीब वगैरे जे काय लिहितात ते सगळं खरंच असेल, पण ते आधीच्या वर्षांतही होतंच की.

आणि ती रेस धावली कशी ते बघण्यासारखं आहे. 800 म्हणजे ट्रॅकच्या 400 मीटरच्या दोन लॅप, आणि गंमत अशी असते की पहिली लॅप सगळ्यांना सोपी वाटते आणि बिल दुसऱ्या लॅपला येतं. त्या फायनलमध्ये अमेरिकेची जर्ल माइल्स क्लार्क पहिले 400 साधारण 56 सेकंदात घेऊन गेली आणि होम्स आरामात मागे, टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं की गेली ही. पण तिने दोन्ही लॅप जवळपास सारख्याच वेगात काढल्या. त्यामुळे शेवटच्या 200 मध्ये ती सुसाट सुटलेली दिसते ते खरं म्हणजे बाकीच्या स्लो होत होत्या, ही फक्त झाली नाही. शेवटच्या सरळ भागात समोर मारिया मुटोला, मोझांबिकची, सिडनीची गोल्ड मेडलिस्ट आणि होम्सची ट्रेनिंग पार्टनरसुद्धा (अटलांटाचं ते ब्रॉन्झ 0.10 ने हिनेच नेलं होतं). होम्स बाहेरच्या बाजूने तिच्या खांद्याला येऊन भिडली आणि लाइनवर पुढे गेली. पहिल्या चौघींमध्ये मिळून फरक 0.13 सेकंद! मुटोला चौथी. जिंकल्यावर होम्सचे ते विस्फारलेले डोळे, स्क्रीनकडे बघतेय आणि विश्वासच बसत नाहीये, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच.

बरं, सेलिब्रेशनला वेळ नव्हता. 800 ची फायनल 23 ऑगस्टला आणि 24 ला लगेच 1500 ची हीट. नऊ दिवसांत सहा रेस. आणि गंमत म्हणजे 800 धावायचं की नाही हेच तिचं बरेच दिवस ठरत नव्हतं, मुख्य इव्हेंट 1500 धरला होता. 28 तारखेची फायनलपण तशीच धावली, आधी मागे राहून शेवटच्या सरळ भागात सगळ्यांना गाठलं, 3:57.90, नवा ब्रिटिश रेकॉर्ड आणि तिचं आयुष्यातलं बेस्ट. म्हणजे 800 मध्ये नाही पण 1500 मध्ये 34व्या वर्षी थोडी सुधारणा झाली हे मान्य करायला लागेल, लांब अंतराला वय जरा जास्त साथ देतं.

एकाच ऑलिंपिकमध्ये 800 आणि 1500 दोन्ही जिंकणं, हे डबल, किती दुर्मिळ आहे बघा. बायकांची 800 ऑलिंपिकमध्ये 1928 ला घेतली आणि नंतर बंदच केली, बायकांना झेपत नाही म्हणून, ती परत आली 1960 ला. 1500 तर 1972 पासून. तेव्हापासून हे डबल करणाऱ्या तिघीच, 1976 ला तात्याना कझानकिना, 1996 ला स्वेतलाना मास्तरकोवा आणि मग होम्स. तिच्यानंतर अजून कोणीच नाही. 2005 च्या डिसेंबरमध्ये ती रिटायर झाली.

आता बहिणीचं. होम्सला झालं म्हणून बहिणीलाही होईल असं मी म्हणणार नाही, ती वर्ल्ड क्लास होती आणि तिलाही शरीराने सात-आठ वर्षं रडवलं. पण 29 हे वय 800 साठी अजिबात जास्त नाही, त्या कारणासाठी थांबायची गरज नाही. मी पोटरीचं कारण आधी शोधेन. एकच जागा परत परत दुखतेय का, आराम करून परत आली की पहिल्याच महिन्यात स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून फास्ट रिपीट्स (तेच अंतर परत परत वेगात) मारते का, कोचने मायलेज (आठवड्याचं एकूण धावणं) एकदम वाढवलं का, रनर्सचा अनुभव असलेल्या फिजिओने बघितलंय का की नुसत्या पेनकिलरवर चाललंय. ती शेवटची सलग चार-पाच महिने न दुखता कधी धावली आणि तेव्हा टायमिंग काय होतं, एवढं कमेंटमध्ये टाका, मग पुढचं बोलू.