टेकओव्हरची, म्हणजे कंपनीचा ताबा बदलण्याची, बातमी आली की शेअर घेऊन ओपन ऑफरमध्ये (नवा मालक ठरलेल्या भावाने लोकांचे शेअर घेतो त्यात) द्यावेत, की लांब पल्ल्याची गुंतवणूकच बरी?

तुम्ही लिहिलंय की सातपूरला नोकरी आहे, हाताशी दोन लाख आहेत आणि मित्र म्हणतोय, "ऑफर 200 ची, बाजारात 190 ला मिळतोय, उचल." नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला शेअर ब्रोकरच्या एका अधिकृत प्रतिनिधीकडे मी काम करतो. हाच हिशेब मोबाइलवर दाखवत कुणी ना कुणी येतच असतं.

माझं मत विचाराल तर त्या दहा रुपयांसाठी नव्याने शेअर घेऊ नका.

सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, 2011 च्या नियमांप्रमाणे कुणी कंपनीतला 25 टक्के किंवा जास्त मताधिकार घेणार असेल, तर त्याला ओपन ऑफर आणावी लागते, पण किमान 26 टक्क्यांचीच. सगळ्यांचे सगळे शेअर घ्यायला तो बांधील नसतो. समजा, जुना प्रमोटर (कंपनीचा मुख्य मालक) आपले 40 टक्के त्याला विकून बाहेर पडतोय. उरले 60. त्या सगळ्यांनी ऑफरमध्ये दिले, तर 60 पैकी 26 च घेतले जातील, म्हणजे तुमच्या 100 पैकी 43 शेअर जातील आणि 57 तुमच्याच गळ्यात राहतील. 43 वर सुटले 430 रुपये. ऑफर संपून तिचा टेकू गेला आणि भाव 170 वर आला, तर 57 वर 1140 चा खड्डा. बायबॅकसारखा (त्यात कंपनी स्वतःच आपले शेअर परत घेते) छोट्या भागधारकांचा राखीव कोटा इथे नसतो, आणि लोक नेमके इथेच गल्लत करतात.

शिवाय ते दहा रुपये कुणी विसरून ठेवलेले नाहीत. मंजुरी अडकेल, तारीख पुढे जाईल, या जोखमीचा तो भाव आहे. तुमच्या मित्राच्या आधी मुंबईतल्या फंडांनी तो मोजलेला असतो. कधी ऑफरच बाजारापेक्षा खाली असते. 2022 मध्ये एनडीटीव्हीसाठी अदानींची ऑफर 294 ची होती आणि बाजारभाव त्याच्या वर. तरी काहींनी शेअर दिलेच! (पुढे एनडीटीव्हीचे संस्थापक रॉय दांपत्य यांना 342.65 चा दर मिळाला, तेव्हा ऑफरमध्ये शेअर दिलेल्यांनाही फरक दिला गेला. पण दर वेळी असं होईल या भरवशावर राहू नका.)

शेअर आधीपासून तुमच्याकडे असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे नवा मालक कोण, कर्ज काढून घेतोय का, धंदा वाढवेल का, हे बघायचं. 2019 मध्ये एल अँड टीने माइंडट्री या आयटी कंपनीसाठी 980 ची ऑफर दिली. नंतर भाव सातशेच्या आसपास घसरला, तेव्हा शेअर न देता थांबलेल्यांना लोक हसले. 2021 मध्ये तोच शेअर चार हजारांवर गेला.

करही धरा. वर्षाच्या आत विकलंत तर नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर 12.5, तोही सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर.

हौस भागवायचीच असेल तर वीस हजारांपुढे जाऊ नका. आणि आधी मित्राला विचारा, लेटर ऑफ ऑफरमध्ये (ऑफरच्या अटींच्या पत्रात) किती शेअर घेणार म्हणून लिहिलंय?