निर्वासित मुलांसाठी स्वागतचित्रे : झेंडा नको, वाट दाखवा

इंग्लंडमधील आपल्या मुलीच्या शाळेत एक सीरियन आणि एक अफगाण कुटुंब येणार आहे, जूनमधील ‘रेफ्युजी वीक’साठी तिच्या वर्गाकडून स्वागतफलक करून घेण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि मुलांनी नेमके काय काढावे असे आपण विचारले आहे. येथील एका शाळेत हेच काम मी काही वर्षे केले असल्याने, आमच्या चुकांपासूनच सुरुवात करतो.

पहिल्या वर्षी आम्ही झेंडे काढले. मुलांनी दोन हिरव्या ताऱ्यांचा सीरियन झेंडा मोठ्या हौसेने रंगवला, आणि ज्या सरकारच्या बॉम्बवर्षावामुळे ते कुटुंब देशोधडीला लागले होते त्याचाच तो झेंडा असल्याचे त्या मुलाच्या आईचा चेहरा पाहिल्यावरच आमच्या ध्यानात आले. अफगाणिस्तानचेही तसेच आहे : तिरंगी झेंडा एका बाजूचा, पांढरा तालिबानचा. तेव्हा झेंडे नकोतच, आणि होड्या, काटेरी तारा, रडणारी मुलेही नकोत. जे भोगून ती मुले आली आहेत ते पुन्हा भिंतीवर पाहण्याची त्यांना गरज नसते.

दुसरी चूक अक्षरांची. अरबी व अफगाणिस्तानात बोलली जाणारी दारी या भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात आणि त्यांची अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, परंतु काही संगणक-प्रणालींत ती सुटी आणि उलट क्रमाने उमटतात. आमचे ‘मरहबा’ (अरबीत ‘नमस्कार, स्वागत’) असेच विस्कटले होते. ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून हाताने लिहून घ्यावे आणि मुलांनी ते गिरवावे.

मग काढावे काय? माझ्या मते शाळेची वाट. स्वच्छतागृहाचे दार कोणत्या रंगाचे, जेवणाच्या हॉलमध्ये हलाल पदार्थांची रांग कोणती, पाऊस आला की मैदानावरून कोठे पळायचे, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मुख्याध्यापकांपेक्षा अधिक ठाऊक असते. आमच्या एका मुलीने जेवणाचा ट्रे कप्प्यांसह काढून प्रत्येक कप्प्यातील पदार्थाची चव चेहऱ्याच्या हावभावाने दाखवली होती. उकडलेल्या बटाट्यासमोरचा चेहरा फारच बोलका होता.

वर्गाला विषय समजावताना ‘लिटल अमाल’ या साडेतीन मीटर उंच बाहुलीची गोष्ट उपयोगी पडते. सीरियन निर्वासित मुलीच्या रूपातील ही बाहुली २०२१ मध्ये तुर्कस्तानातील गाझिआन्तेपपासून मँचेस्टरपर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर फिरली. वाटेत अनेक ठिकाणी मुलांनी तिचे स्वागत केले, तर ग्रीसमधील लारिसा येथे तिच्यावर दगडही फेकले गेले. तेही सांगावे, मुले त्यावर पुष्कळ बोलतात. आपल्या मुलीला सांगण्यासारखे घरचेही आहे : १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, आणि पुढे त्यांतील बरेच जण ब्रिटनमध्येच स्थायिक झाले. वर्गात पोलिश मुले असतील तर बोलणे आपोआप रंगते.

शेवटी, फलकावर एक चौकोन कोरा ठेवावा, मात्र नव्या मुलाला त्यात काही काढण्याचा आग्रह करू नये. आमचा चौकोन सात आठवडे तसाच राहिला. नंतर एका सकाळी त्यात जेवणाचा ट्रे उगवलेला दिसला, आणि त्यात बटाटे नव्हते.