मुंबई बंदरात पाणी उथळ असूनही मांडव्याजवळ लाँच एवढी का हेलकावते?

उथळ पाण्यात लाटा लहानच असायला हव्यात, हे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खोली लाटेच्या उंचीला मर्यादा घालते. पण वारा मोकळ्या पाण्यावरून किती अंतर धावत आला, म्हणजे फेच किती, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन्हींपैकी जे आधी तोकडं पडतं, त्यावर लाटेची उंची ठरते.

आधी फेच. मार्च ते मे दुपारी वारा साधारण पश्चिम-वायव्येकडून असतो. मांडव्याची लाँच जिथून सुटते तो गेटवे कुलाब्याच्या पूर्व अंगाला आहे, त्यामुळे वारा जमिनीवरून येतो, फेच जवळपास शून्य आणि धक्क्यापाशी पाणी सपाट. मांडव्याला पश्चिमेकडे जमिनीचा आडोसाच नाही, समोर थेट अरबी समुद्र. वारा तोच, पण लाँच कुलाब्याच्या आडोशातून बाहेर पडली की पाणी बदलतं.

आकडे ढोबळ आहेत, पण उपयोगी. वारा सेकंदाला 10 मीटर, म्हणजे साधारण 20 नॉट. 10 किलोमीटर फेचवर खोल पाण्यात अर्ध्या मीटरची लाट उठते, दोन लाटांमध्ये जेमतेम 3 सेकंद. फेच चौपट केला तर उंची दुप्पटच होते, चौपट नाही. आणि एवढी लाट तयार व्हायला वारा दोनेक तास तसाच वाहावा लागतो. सकाळच्या फेऱ्या शांत असण्याचं एक कारण हेच.

आता खोली. लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी कमी झालं की लाटेला तळ जाणवू लागतो. वर सांगितलेल्या लाटेची लांबी सुमारे 13 मीटर, म्हणजे खोली साडेसहा मीटरपेक्षा कमी झाली की परिणाम सुरू होतो. 3 मीटर पाण्यात याच वाऱ्याने लाट 0.6 मीटरच्या वर जात नाही, फेच शंभर किलोमीटर असला तरी. 6 मीटर पाण्यात ती मर्यादा जवळजवळ 1 मीटर होते.

इथे लोक एक गोष्ट विसरतात: चार्टवरची, म्हणजे सागरी नकाशावरची, खोली ही नीचतम ओहोटीची असते. उधाणाच्या भरतीला मुंबईत त्यात 4 मीटरहून जास्त भर पडते. चार्टवर 2 मीटर दाखवलेला गाळाचा पट्टा तेव्हा 6 मीटरचा असतो, आणि ओहोटीला लाटा अडवणारा तोच पट्टा भरतीला त्या पुढे जाऊ देतो.

पण बसणारे हिसके नुसत्या उंचीचे नसतात, लाटेच्या चढाचे असतात. सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, प्रवाह बंदरातून बाहेर, नैर्ऋत्येकडे जातो. समोरून वारा असेल आणि प्रवाह सेकंदाला 1 मीटर असेल, तर 13 मीटरची लाट आखडून 6 मीटरच्या आसपास येते, उंची मात्र वाढते. अशा आखूड, उभ्या लाटेवर छोटी लाँच एकीवरून उतरते न उतरते तोच नाक दुसरीत घालते. अर्धा मीटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, डेकवर बसल्यावर वाटत नाही.

पावसाळ्यात वरचं गणित लागूच पडत नाही. बंदराचं तोंड नैर्ऋत्येला उघडं आणि वाराही तिकडचाच. शिवाय दूरच्या समुद्रातून आलेली 8 सेकंदांची (दोन लाटांमध्ये 8 सेकंद) लाट खोल पाण्यात 100 मीटर लांब असते, म्हणजे तिला 50 मीटर खोलीपासूनच तळ लागतो. 6 मीटर पाण्यात ती 60 मीटरच्या आत आखडते. तिची उंची खोलीच्या पाऊणपटीच्या जरा वर गेली की ती फुटते, म्हणून 2 मीटरची लाट अडीच मीटर पाण्याच्या पट्ट्यावर कोसळते. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात, ते उगाच नाही.

स्वतः अंदाज काढायचा तर नकाशावर आपल्या जागेपासून वारा येतो त्या दिशेला किनाऱ्यापर्यंत रेघ ओढा. तिच्या दोन्ही बाजूंना 15-20 अंशांवर आणखी दोन-तीन रेघा ओढून सरासरी घ्या, कारण वारा एका रेषेत येत नाही. मग भरतीचं कोष्टक काढा आणि ओहोटी अन् दुपारचा वारा एकत्र येणारी फेरी टाळा.